वक्र पात्याच्या तलवारीची प्रतिकृती घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिवजयंती, खंडेनवमी, लग्नसराई आणि सारंगखेड्याची यात्रा जवळ आली की जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून तलवारीबद्दल विचारणा सुरू होते. बहुतेकांचं बजेट मर्यादित असतं आणि घेतलेली वस्तू वर्षानुवर्षं टिकावी अशी इच्छा असते. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. एका उत्तरातला मुद्दा दुसरीकडे आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. पहिल्यांदाच घेतोय. सुरुवात कुठून करू?

तलवार कशासाठी हवी आहे ते आधी ठरवा. भिंतीवर लावायची किंवा देव्हाऱ्याशेजारी ठेवायची, नाटकात किंवा मिरवणुकीत धरायची, की तलवारबाजीच्या सरावात रोज फिरवायची? या तिघांसाठी लागणाऱ्या वस्तू वेगळ्या आहेत. भिंतीवरच्या तलवारीला फक्त दिसायचं असतं. सरावाच्या तलवारीला रोजचे झटके सोसायचे असतात. दोन्ही कामं एकाच तलवारीत करायला गेलं की बहुधा दिखाऊ वस्तू हाती येते, आणि सरावात तीच कुणालातरी इजा करते.

२. वक्र तलवारीत प्रकार किती? दुकानदार सगळ्यांनाच ‘राजपुती’ म्हणतो.

आपल्याकडे सर्वात जास्त मिळते ती हिंदुस्थानी तलवार. एकधारी, मध्यम बाकाचं पातं आणि मुठीच्या टोकाला थाळीसारखी गोल चकती, ही तिची ओळख. इराणी शमशीरचं पातं निमुळतं आणि बाक खोल असतो. तुर्की किलिज टोकाकडे रुंद होते. ब्रिटिश घोडदळाचा १७९६ चा सेबरही चांगला वाकडा होता, त्याचं पातं सुमारे ३३ इंचांचं. जपानी कताना सौम्य बाकाची आणि दोन हातांनी धरायची असते.

कमी पैशात टिकाऊ हवी असेल तर मध्यम बाकाची हिंदुस्थानी तलवार घ्या. खोल बाकाचं पातं पीळ न पडू देता घडवणं आणि त्याला पाणी देणं, म्हणजे तापवून विझवून कडक करणं, कठीण असतं. स्वस्त शमशीर वाकडीतिकडी निघते ती त्यामुळेच.

३. ‘शिवकालीन’ म्हणून वक्र तलवार विकतात. मराठ्यांची तलवार वाकडी होती का?

वक्र तलवारी होत्याच, पण मराठ्यांची खास पसंती लांब, सरळ किंवा अगदी थोड्या बाकाच्या धोपेला आणि फिरंगेला होती. फिरंगेचं पातं युरोपातून आलेलं किंवा त्या घाटाचं असे. नागपूरकर रघुजी भोसल्यांची जी तलवार राज्य शासनाने २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून मिळवली, तीही सरळ, एकधारी फिरंग आहे. तिची मूठ मुल्हेरी घाटाची आणि सोन्याच्या कामाची आहे. मुल्हेर म्हणजे आपल्या शेजारच्या बागलाणातलं.

तेव्हा मराठा सरदाराच्या भूमिकेसाठी किंवा देखाव्यासाठी घेत असाल तर धोपेचा विचार जरूर करा. सरळ पातं घडवायला सोपं असल्याने तेवढ्याच पैशात बऱ्याचदा जास्त चांगलं कामही मिळतं. वक्र तलवार हवी असेल तर तीही खुशाल घ्या. फक्त ‘महाराजांची हुबेहूब’ या शब्दांसाठी जास्तीचे पैसे देऊ नका.

४. स्टेनलेस घेऊ की कार्बन स्टील?

भिंतीसाठी स्टेनलेस, हातात फिरवायला कार्बन किंवा स्प्रिंग स्टील.

स्वयंपाकघरातली सुरी स्टेनलेसची चालते कारण ती आखूड असते. अडीच फुटांच्या पात्याला झटका बसला की ताण मुठीजवळ गोळा होतो. स्वस्त स्टेनलेस तिथे एकतर वाकतं किंवा तुकडा उडून मोडतं. उडालेला तुकडा कुणाच्या दिशेने जाईल हे हातात नसतं. स्टेनलेसची तलवार म्हणून हवेतसुद्धा जोरात फिरवू नये.

कार्बन स्टीलमध्ये १०४५, १०६५, १०९५ असे आकडे ऐकू येतील. शेवटचे दोन अंक कार्बनचं प्रमाण सांगतात: १०४५ मध्ये सुमारे ०.४५ टक्के, १०९५ मध्ये ०.९५ टक्के. आकडा मोठा म्हणजे माल भारी, असं मात्र नाही. कार्बन वाढला की पोलाद कडक होऊ शकतं आणि त्याच बरोबर ठिसूळपणाकडेही झुकतं. बोथट, टिकाऊ प्रतिकृतीसाठी १०६५ किंवा ईएन ४५ सारखं सिलिकॉन-मँगनीजचं स्प्रिंग स्टील उत्तम. गाड्यांचे कमानपाटे याच जातीच्या पोलादाचे असतात.

पोलादाच्या नावाइतकंच महत्त्व त्याला दिलेल्या पाण्याला आहे. पातं तापवून तेलात विझवलं आणि नंतर पुन्हा हलकी ऊब देऊन त्याचा ठिसूळपणा काढला तरच ते लवचीक होतं. ‘पाणी कसं दिलंय, कडकपणा किती?’ असं विक्रेत्याला थेट विचारा. रॉकवेल सी मापावर ४८ ते ५२ च्या आसपासचा आकडा सरावाच्या बोथट पात्याला योग्य आहे. उत्तर देताना विक्रेता नक्षीकडे बोट दाखवू लागला तर समजून घ्या.

५. तलवार मुठीतूनच का निसटते किंवा मोडते?

या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा. पैसे द्यायचे ते मुठीच्या आत काय आहे त्याचे.

पात्याची शेपटी मुठीत शिरते. चांगल्या तलवारीत ही शेपटी पात्यातूनच निघालेली, रुंद आणि जाड असते. स्वस्त मालात पातं मुठीपाशी संपतं, तिथे बोटभर लोखंडी गज वेल्डिंग करून जोडतात आणि त्याच्या टोकाला आटे पाडून नट आवळतात. वेल्डिंगच्या उष्णतेने आजूबाजूच्या पोलादाचं पाणी उतरतं, आणि सगळा ताण नेमका तिथेच येतो. बाहेरून काहीच दिसत नाही आणि एक दिवस हातात नुसती मूठ उरते.

जुन्या हिंदुस्थानी तलवारींची रीत वेगळी होती. त्यांची मूठ लोखंडी आणि पोकळ असायची, तिच्यात लाखेचं मिश्रण भरायचं आणि तापवलेली शेपटी दाबून बसवायची. शेपटी आखूड असूनही हे जोड पिढ्यान् पिढ्या टिकलेले दिसतात, कारण मूठ लोखंडी असते आणि शेपटी पुरेशी रुंद असते. आजही काही कारागीर असंच काम करतात आणि ते चांगलं असतं. आपल्या भागापुरती एक काळजी घ्या. लाख साधारण सत्तर-ऐंशी अंशांच्या आसपास मऊ पडते, आणि मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत धातूची वस्तू फारच तापते. लाखेची मूठ असलेली तलवार गाडीत ठेवून जाऊ नका.

सरावासाठी घेताना दोनपैकी एक रचना मागा. एकात शेपटी मुठीतून आरपार जाऊन टोकाला ठोकून पसरवलेली असते. दुसऱ्यात इपॉक्सीने बसवलेल्या शेपटीतून आडवी खीळ मारलेली असते. मूठ चढवण्याआधीच्या पात्याचा फोटो मागा. प्रामाणिक कारागीर तो कौतुकाने दाखवतो.

६. वजन जास्त म्हणजे तलवार मजबूत ना?

नाही. जुन्या हिंदुस्थानी तलवारी बहुधा आठशे ग्रॅम ते अकराशे ग्रॅमच्या असत. दीड-दोन किलोची ‘दणकट’ प्रतिकृती म्हणजे नुसता जाड पत्रा कापलेला असतो.

खरं पातं मुठीपाशी जाड असतं आणि टोकाकडे पातळ होत जातं. पाठीवरून पाहिलं तर मुठीजवळ सहा-सात मिलिमीटर आणि टोकाजवळ दोन-तीन मिलिमीटर, असा उतार दिसला पाहिजे. हा उतार नसेल तर टोक जड होतं, मनगट दुखतं आणि मुठीवरचा ताण वाढतो. एका बोटावर तोलून पाहा. मुठीच्या आडव्या दांड्यापासून दहा ते पंधरा सेंटिमीटरवर तोल साधला तर हातात हलकी वाटेल.

पात्याची लांबी २८ ते ३२ इंच ठीक. उंची कमी असेल तर २८ घ्या. लांबी मुठीपासून टोकापर्यंत सरळ रेषेत मोजली आहे की बाकावरून, हेही विचारा. नाहीतर म्यान दुसऱ्याच मापाचं येतं.

७. भाऊ, हजारमा भेटस ती तलवार चाली का?

भिंतीवर चाली. हातमा धरीसन फिरवाले नई.

हजार-दीड हजारात मिळते ती पातळ स्टेनलेसची, वेल्डिंगच्या गजाची असते. हिशोब असा करा: पाच हजारांच्या आसपास बजेट असेल तर साधी, नक्षी नसलेली स्प्रिंग स्टीलची बोथट तलवार शोधा. त्याच पैशात सोनेरी मुलामा, मखमली म्यान आणि सिंहाच्या तोंडाची मूठ देतो म्हणणारा माणूस पोलादात कुठेतरी हात आखडतोच. थोडी वाट पाहून साठवलेल्या पैशातून एक साधी, भक्कम तलवार घेणं दोन चकचकीत तलवारींपेक्षा केव्हाही बरं.

८. मूठ माझ्या हाताला लहान पडते. सदोष माल आला का?

बहुधा नाही. हिंदुस्थानी तलवारीची मूठ मुळातच आखूड असते. आडवी दांडी आणि थाळी यांच्यामध्ये तळहात घट्ट बसावा अशी तिची रचना आहे. थाळी मनगटाला अडवते, त्यामुळे घाव कोपरा-खांद्यातून ओढून होतो. वक्र पात्याला तेच हवं असतं. पुष्कळ जण तर्जनी दांडीच्या पुढे काढून धरतात. तरीही हात मोठा असेल तर मागणी देताना तळहाताची रुंदी कळवा. थाळीची कड बोचत असेल तर ती कानशीने गोल करून मिळते.

९. ‘दमास्कस’ पात्यावर लाटा दिसतात, ते जास्त टिकतं का?

लाटांमुळे टिकाऊपणा वाढत नाही. दक्षिण भारतात मुशीत तयार होणारं उच्च कार्बनचं पोलाद, ज्याची कीर्ती पश्चिम आशियापर्यंत होती, ते वेगळं. आज त्या नावाने मिळतात ते बहुतेक दोन-तीन प्रकारच्या पोलादाचे थर एकत्र ठोकलेले असतात, आणि अगदी स्वस्तात मिळतं ते तर साध्या पात्यावर आम्लाने काढलेलं चित्र. थरांच्या कामात एखादा सांधा कच्चा राहिला तर पातं तिथून फुटतं. कमी बजेटमध्ये साधं, एकसंध पातंच घ्या.

१०. दुकानात किंवा पार्सल उघडल्यावर काय तपासू?

पातं डोळ्यासमोर धरून पाठीच्या रेषेवरून नजर टाका. पीळ लगेच कळतो. मग मूठ घट्ट धरून दुसऱ्या तळहाताने पात्याच्या सपाट बाजूवर हलकी थाप मारा. मुठीत खुळखुळ किंवा बारीक झणझण जाणवली तर जोड सैल आहे. टोक लाकडी फळीला टेकवून पातं अगदी थोडं वाकवा आणि सोडा, ते सरळ जागेवर यायला हवं. जोर लावून परीक्षा पाहू नका, चांगलं पातंही त्याने खराब होतं. मुठीपाशी पातं जिथे आत शिरतं तिथे वेल्डिंगचे डाग, भेग किंवा फट दिसते का ते बघा.

चुंबकाचा भरवसा धरू नका. तलवारींत वापरलं जाणारं स्टेनलेसही बऱ्याचदा चुंबकाला चिकटतं.

ऑनलाइन घेताना पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढून ठेवा. बिल जपून ठेवा, ते कायद्याच्या बाजूनेही कामाचं आहे (प्रश्न १५).

११. खान्देशात हवा कोरडी, मग गंज कसा लागतो?

मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो हे खरं, पण जून ते सप्टेंबर तीच हवा दमट होते. रावेर-यावलकडे केळीच्या बागांना लागून असलेल्या घरांत ओल जास्तच जाणवते. शिवाय घामाचा हात लागला की बोटांचे ठसे दोन दिवसांत पात्यावर उमटतात.

हाताळून झालं की कोरड्या सुती कापडाने पुसा आणि शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात द्या. गोडं तेल, खोबरेल वापरू नका, ते चिकट होऊन धूळ धरतं. पावसाळाभर काढायची नसेल तर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्या.

म्यानात ठेवणं मात्र टाळा. चामड्याचं म्यान ओल धरतं आणि चामडं कमावताना वापरलेली रसायनं पात्याला डाग पाडतात. लाकडी म्यान उन्हाळ्यात आकसतं आणि पावसाळ्यात फुगतं, मग तलवार अडकून बसते. पातं तेल लावून सुती कापडात आणि म्यान वेगळं, अशी सवय ठेवा.

१२. खंडेनवमीला हळद-कुंकू, लिंबू वाहिलं की पात्यावर काळे डाग पडतात. काय करावं?

लिंबाचा रस आम्ल आहे, आणि ओलं कुंकू, नारळाचं पाणी रात्रभर पात्यावर राहिलं की कार्बन स्टील काळवंडणारच. पूजा नीट करा. गंध मुठीला किंवा म्यानाला लावा, पात्याखाली कोरडं वस्त्र अंथरा, लिंबू कापून वाहायचं असेल तर ताम्हनात ठेवा. संध्याकाळी पातं पुसून तेल लावा. पडलेला हलका डाग धातूच्या पॉलिशने मऊ कापडावर घासून निघतो. पॉलिश पेपर लावलात तर ओरखडे कायमचे राहतील.

१३. शाळेच्या स्नेहसंमेलनात, नाटकात कोणती वापरावी?

शाळेत लाकडी, यात तडजोड नको. सागाची किंवा शिसवीची पट्टी, चंदेरी रंग, गोल केलेलं टोक. रंगमंचावर दहा फुटांवरून फरक कळत नाही.

प्रौढांच्या नाटकात अ‍ॅल्युमिनियमचं पातं हलकं आणि चमकदार दिसतं. पण पात्यावर पातं आपटलं की त्याला खाचा पडतात आणि खाचेच्या कडा ब्लेडसारख्या होतात. प्रत्येक प्रयोगानंतर हात फिरवून नव्हे, कापडाचा बोळा फिरवून तपासा. धागा अडकेल तिथे कानस मारा. खरोखर टक्कर असलेल्या प्रवेशासाठी स्प्रिंग स्टीलचं, दोन मिलिमीटर जाड गोल कडेचं पातं लागतं, आणि ते शिकलेल्या माणसांच्याच हाती द्यायचं.

१४. लग्नात नवरदेवाच्या हाती, घोड्यावर, कोणती चांगली दिसेल?

दोंडाईचा, शिरपूर, शहादा पट्ट्यातल्या गिरासे राजपूत घरांतून हा प्रश्न हमखास येतो, आणि सारंगखेड्याला घोडा पाहायला जाणारेही विचारतात. देखणी मूठ आणि सुंदर म्यान घ्या, आत लाकडी पातं बसवा आणि मूठ म्यानाला कायमची जोडून टाका. वरातीत बँड, फटाके आणि बिचकणारं घोडं असताना उघडं पातं कुणाच्याही अंगावर येऊ शकतं. फोटोत दिसते ती मूठ आणि म्यानच. असं केल्याने खर्चही निम्म्यावर येतो.

१५. परवाना लागतो का?

शस्त्र अधिनियम १९५९ आणि त्याखालचे शस्त्र नियम २०१६ यांत तलवार, कट्यार, भाला आणि ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची शस्त्रं एका स्वतंत्र वर्गात येतात. घरकामाची आणि शेतीची अवजारं त्यातून वगळली आहेत. असं शस्त्र बाळगायला परवाना लागतो की नाही, हे कलम ४ खालची केंद्राची अधिसूचना तुमच्या भागाला लागू आहे का यावर ठरतं. बनवण्यासाठी आणि विकण्यासाठीचे नियम वेगळे आणि कडक आहेत.

घेण्याआधी तुमच्या पोलीस ठाण्यात जाऊन विचारा, संकोच करू नका. एकाहून जास्त तलवारी एकत्र मागवू नका. एप्रिल २०२२ मध्ये सोनगीरजवळ मुंबई-आग्रा महामार्गावर एका गाडीतून ८९ तलवारी जप्त झाल्या, तेव्हापासून अशा पार्सलकडे आणखी बारीक नजर असते. मंडळासाठी दहा-बारा हव्या असतील तर लाकडीच घ्या.

१६. बोथट आहे, मग ती शस्त्र कशी?

कायद्याच्या व्याख्येतून सुटतात त्या वस्तू म्हणजे ज्यांचा खेळण्यापलीकडे उपयोगच होऊ शकत नाही आणि ज्यांचं वापरण्याजोग्या शस्त्रात रूपांतरही करता येत नाही. लाकूड किंवा प्लास्टिक त्यात सहज बसतं. स्प्रिंग स्टीलचं बोथट पातं घासून धारदार करता येतं, म्हणून ‘बोथट आहे’ एवढ्याने सुटका होईल असं गृहीत धरू नका.

दुसरी बाब मिरवणुकीची. सणासुदीला जिल्हाधिकारी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश काढतात, आणि त्या काळात सार्वजनिक जागी तलवार, भाले, लाठ्या घेऊन फिरणं हाच गुन्हा ठरतो. तुमच्या तारखेला आदेश लागू आहे का ते आधी बघा. तलवारीने वाढदिवसाचा केक कापून व्हिडिओ टाकणाऱ्या पोरांवर गुन्हे दाखल झाल्याच्या बातम्या सारख्या येतात. एवढ्या हौसेपायी पोराची नोकरी, पासपोर्ट अडकतो. घरच्या मोठ्यांनी हे वेळीच सांगायला हवं.

१७. भंगारातून ट्रकचा कमानपाटा आणून गावच्या लोहारदादांकडून करून घेऊ का?

पोलाद चांगलं, बेत चुकीचा. परवान्याशिवाय तलवार बनवून दिली तर अडचणीत तुमच्याआधी लोहारदादा येतील. कामाच्या बाजूनेही अडचण आहे: वापरलेल्या पाट्यात डोळ्याला न दिसणारे तडे असतात, आणि अडीच फुटांचं पातं एकसारखं तापवायला लांब भट्टी लागते. विळे-कोयत्याच्या भट्टीत मधला भाग तापतो, टोकं राहतात, आणि विझवताना पातं पिळतं. लोहारदादांकडून भिंतीवरचा भक्कम लोखंडी स्टँड मात्र जरूर करून घ्या, त्यांच्याइतका चांगला दुसरीकडे मिळणार नाही.

१८. बोथट घेतलेल्या तलवारीला नंतर धार लावून मिळेल का?

लावू नका. कायद्याचा भाग वर आला आहेच (प्रश्न १५, १६). पात्याचंही नुकसान होतं: यंत्राच्या चाकावर घासताना कड तापते आणि तिथलं पाणी उतरतं, जाडी जाते आणि तोल बिघडतो.

१९. घरात पणजोबांची गंजलेली तलवार आहे. प्रतिकृती घेण्याऐवजी तीच चकाचक करून लावू?

घासू नका, बफ मारू नका, नवी मूठ बसवू नका. शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती अधिनियम १९७२ खाली पुरावशेष ठरू शकते. तिची विक्री नियमांनी बांधलेली आहे आणि ती देशाबाहेर खासगीरीत्या नेता येत नाही. काळपट थराखाली सोन्याची तारकशी, कारागिराचा ठसा किंवा अक्षरं असू शकतात, आणि एकदा बफ मारला की ती परत येत नाहीत.

सैल गंज मऊ कापडाने आणि मशीनच्या तेलाने हलक्या हाताने टिपून काढा, दोन्ही बाजूंचे फोटो घ्या, घरातल्या वडीलधाऱ्यांना आठवतं ते लिहून ठेवा आणि जाणकाराला दाखवा. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे, तिथे इतिहासाची माणसं भेटतात. जुनी असली तरी ती तलवारच आहे, त्यामुळे प्रश्न १५ मधली विचारणा इथेही करावी लागेल. पूजेला किंवा भिंतीवर तिच्याऐवजी साधी प्रतिकृती ठेवा आणि मूळ तलवार तेल लावून, सुती कापडात गुंडाळून कोरड्या कपाटात आडवी ठेवा.